एकेचाळिसावी खाच

पद्माकर आगाश्यांचं भाषण मराठी मंडळात दर ऑक्टोबरात व्हायचं आणि विषय दर वेळी एकच असायचा, नामिबियाची अभयारण्यं. इंग्लंडात स्लाऊ गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात हयात घालवलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर एकदाच, तीन आठवडे, त्या वाळवंटी देशात गेला आणि प्रोजेक्टरचा गोल ट्रे भरेल एवढ्या स्लाइड घेऊन परतला. पाच वर्षं तेच भाषण, तेच विनोद. तरी हॉल भरायचा.

त्यांची मुलगी निवेदिता मात्र एकदाही गेली नव्हती. कधी लायब्ररीतली शिफ्ट, कधी नुसताच कंटाळा. "पुढच्या वर्षी नक्की, बाबा," असं ती म्हणायची. २००७च्या फेब्रुवारीत बाबा गेले.

सप्टेंबरात मंडळाच्या मधुमतीकाकूंचा फोन आला. "हॉल बुक केलेला आहे गं. कॅन्सल करू, की तू बोलशील?"

"बोलेन," ती म्हणाली. सगळ्या हॉलला पाठ असलेलं भाषण फक्त तिनेच ऐकलं नव्हतं.

तयारी तिने तिच्या रीतीने केली. त्या देशावरची सात पुस्तकं वाचली. मग बाबांची कार्डं काढली. प्रत्येक स्लाइडला एक कार्ड, गोदामाच्या लेबलांसारखं ठळक अक्षर. सात पुस्तकांत नामिब वाळवंटातल्या भुंगेऱ्याची सविस्तर माहिती होती. बाबांच्या कार्डावर होतं: 'पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, ढुंगण वर करून उभा राहतो. धुकं पाठीवर जमतं, थेंब घरंगळत तोंडात येतो. सकाळचा चहा मागवावा तर असा.' वाचता वाचता तिला हसू आलं, आणि मग बराच वेळ पुढचं कार्ड उलटवलं नाही.

एकेचाळिसाव्या कार्डावर एवढंच होतं: 'एटोशा. बोलायचं नाही. दहा आकडे.' आणि ट्रेमधली एकेचाळिसावी खाच रिकामी होती. तिने खोके उपसले, कपाट सरकवलं, कोटांचे खिसे तपासले. स्लाइड नाहीच. आपल्याच हातून हरवली, असं तिने गृहीत धरलं. निदान प्रोजेक्टर तरी नीट असावा म्हणून तिने त्याच्या काचा लख्ख पुसल्या. एका काचेवर काळा ठिपका चिकटला होता, तो नखाने खरवडून काढला.

रविवारी दुपारी हॉल भरला. पहिल्या स्लाइडला तिचा आवाज कापला, दहाव्यापर्यंत सावरला. स्केलेटन कोस्ट या किनाऱ्याच्या धुक्यात देवमाशांच्या बरगड्या वाळूतून वर आल्या होत्या, शेजारी सील बिनधास्त लोळत होते. तांबड्या टेकडीच्या धारेवर एकटा ऑरिक्स उभा होता, लांब सरळ शिंगांचं हरीण. पावसाचं नाव नाही, झाडाची सावली नाही, आणि जनावर कसं डौलात! बाबा नेमके कुठे उभे राहिले असतील, ते तिला प्रत्येक चित्रातून कळत होतं. माणूस जनावरापासून अदबीने लांब राहिला होता.

एकेचाळिसाव्या वेळी पडदा पांढराफटक झाला.

"माफ करा, ही स्लाइड माझ्याकडून..."

"गप्प गं," पहिल्या रांगेतून मधुमतीकाकू म्हणाल्या. "हरवली नाहीये. हीच एटोशा."

"म्हणजे?"

"मिठाचं मैदान. स्लाऊहून बाथ शहरापर्यंत जावं एवढं, ऐंशी मैल लांब, नुसतं पांढरं. पद्माकरराव म्हणायचे, मी फोटो काढला नाही, कॅमेरा खाली ठेवला. तुम्हीही नुसतं बघा."

निवेदिताने बघितलं. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. ती मनात मोजत होती, आणि सगळेच मोजताहेत हे तिला जाणवत होतं.

दहा झाले. मागून शशीकाका ओरडले, "अहो, पण शहामृग कुठाय?"

हशा पिकला. काकूंनी निवेदिताकडे वळून सांगितलं, "दर वर्षी त्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसायचा. बाकीच्या स्लाइडवरही असायचा, पण कळायचा इथेच. ते म्हणायचे, तो बघा शहामृग, चार मैलांवर आहे, धीर धरा, येतोय."

निवेदिताचा चेहरा उतरला. "मी... मी काच पुसली."

शशीकाका ओशाळून म्हणाले, "अगं, असू दे, मी आपलं उगाच..."

ती प्रोजेक्टरजवळून निघाली आणि पडद्यापाशी, त्या कोपऱ्यात, उजेडात जाऊन उभी राहिली. पांढऱ्यावर तिची सावली पडली. मान किंचित लांब केली.

"दिसला का?"

"दिसला!" शशीकाका म्हणाले. "पाच वर्षं पद्माकरराव येतोय येतोय म्हणत होते. चांगला जवळ आला की!"

उजेडाने तिचे डोळे दिपले होते, समोरचं कोणीच दिसत नव्हतं. पाणवठ्यावर आलेल्या हत्तींची पुढची स्लाइड अजून ट्रेमध्येच थांबली होती. ती तिथेच उभी राहिली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.