दुखऱ्या जागी हात

गुरुवारी संध्याकाळी बाबा मस्कतमधल्या आमच्या बौशरच्या घरी रक्तदाब मोजायच्या यंत्रात नव्या बॅटऱ्या घालत बसले होते. शुक्रवारी दूर किनाऱ्यावरच्या सहम गावात कामगारांचं आरोग्य शिबिर होतं आणि त्यानंतर कबड्डीचा प्रदर्शनीय सामना. बॅटऱ्यांचं पाकीट त्यांनी दातांनी फाडलं. डावा हात मांडीवर पडून होता.

"हात दुखतोय?"

"वय झालंय त्याचं. माझं नाही."

मी चहा ठेवायला गेले.

बाबा, म्हणजे दयानंद साळवी, अकरा वर्षं राज्याच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळत होते. चढाई करणाऱ्याचा घोटा त्यांच्या हातात आला की सुटत नसे. मैदानात दुखऱ्या जागी हात न्यायचा नाही, समोरचा तिथेच घुसतो, हा त्यांचा नियम. लहानपणी गुडघा फुटला तरी मी हात पाठीमागे धरून उभी राहायची.

मस्कतला आल्यावर वीस वर्षं, दर शुक्रवारी, सहमच्या बागांतल्या आणि दुकानांतल्या माणसांना त्यांनी खेळवलं. खेळ संपला की रांगेत बसवून रक्तदाब मोजायचे. एकदा तिथला सिराज टेलर छातीतली कळ लपवत होता, तर त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. "इधर मॅच चल रहा है क्या? किससे छुपाता है?"

शिबिराच्या त्या शुक्रवारी सामन्यात त्यांनी चढाईला आलेल्या सलीलचा घोटा धरला. बाकीचे सहा जण नेहमीप्रमाणे वर कोसळले. शिट्टी वाजली, गुण मिळाला, टाळ्या झाल्या. सगळे उठले तरी बाबांची पकड तशीच. "अण्णा, खलास, सोडा आता," सलील हसत म्हणाला. लोकही हसले. किती वेळ हसले, ते मला कुणी सांगत नाही.

दहाव्या दिवशी मस्कतमध्येच, कुरुमला, बाबांची शोकसभा झाली. मंडळाचे अध्यक्ष शिरीषकाका माइकवर रंगून बोलत होते. "सकाळी मला म्हणाला, छाती जड वाटतेय. मी म्हटलं, सोडा पी, यल्ला, चल लवकर, लोक खोळंबलेत. आणि उतरला की हो वाघ. शेवटच्या श्वासापर्यंत पकड सोडली नाही. असं मरण यायला भाग्य लागतं."

मागून कुणीतरी टाळी वाजवली.

"पूर्वा, दोन शब्द बोल बाळा. चांगलंसं काहीतरी."

मी घरून चांगलंसं लिहून आणलं होतं. कागद पर्समध्येच राहू दिला.

"काका, हे भाग्य नव्हे. जन्मात एकदा त्या माणसाने दुखतंय म्हणून सांगितलं, ते तुम्हाला. तुम्ही सोडा पाजलात."

शिरीषकाका खाली बघू लागले. तिसऱ्या रांगेत सिराजने तोंडावर रुमाल धरला.

"आणि मला न सांगताच दिसलं होतं. यंत्र समोर होतं, बॅटऱ्या नव्या होत्या. मी चहा करायला गेले."

मग मी फोटोकडे वळले आणि माइकपासून दूर, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, हात पुढे करा. आधी तुमचा मोजू. नाहीतर उद्या सहमला जायचं नाही."