वरचीलाच का दोष?

मी मॅट बोलतेय. निळी, फोमची, कडेला दातरे असलेली. देवासला एका शाळेमागच्या हॉलमध्ये आम्ही बहिणी दातऱ्यांत दातरे अडकवून पसरलोय. मी बरोबर मधली. त्यामुळे सगळ्यांचं वजन माझ्यावर, आणि सगळ्यांच्या गोष्टीही माझ्याच कानावर. मुद्दाम ऐकत नाही हो! पण माणसं माझ्यावर पडूनच बोलतात, तर मी करू काय?

जन्म पीथमपूरच्या कारखान्यातला. यशराज नावाच्या मुलानं मला टेम्पोत घालून इथं आणलं. तो ब्राझीलची जुजुत्सू शिकवतो. बघायला कुस्तीच, पण जाड कोट घालून, कॉलर धरून लढतात. मान आवळली किंवा हात पिरगळला की समोरचा थोपटतो, म्हणजे हरलो. ते थोपटणं बहुधा माझ्याच अंगावर.

रोज घाम, रोज फिनाईल. कुणी नखं कापून येत नाही, कुणी मोजे धूत नाही. कोपरा फाटला तर टेप लावतात, ती निघाली की वर दुसरी टेप. थकले बाई.

या सगळ्यांत माझा जीव राजनंदिनीवर. कॉलेजात जाणारी, अबोल पोर. तिचे आजोबा उदाजीराव, घरात सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. लाल मातीतले जुने पहेलवान. एकदा पट्टा बांधता बांधता ती मैत्रिणीला, देवश्रीला, सांगत होती, "आबासाहेबांनी अट घातलीये. इथली स्पर्धा जिंकली तर भोपाळला राज्याच्या स्पर्धेला पाठवणार. हरले तर हा कोट कपाटात."

देवश्री म्हणाली, "मग तर जिंकच यार!"

स्पर्धा याच हॉलमध्ये झाली. फायनलला समोर धारची मेधा. नंदिनीनं तिला असं उचलून टाकलं की माझ्या अंगातून कळ गेली. दोन गुण! मेधा उताणी, नंदिनी तिच्या छातीवर आडवी.

आबासाहेब खुर्चीवरून उठलेच. "चीत! झाली कुस्ती! नंदे, दाबून ठेव, सोडू नको!"

यशराज दुसरीकडून ओरडतोय, "नंदिनी, हल! चढ वर, पुढे काहीतरी कर!"

ज्या घरात आबासाहेबांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही, त्या घरची पोर. ती कुणाचं ऐकणार? राहिली तशीच दाबून. आपटणं परवडलं मला, पण एका जागी बसून राहिलेलं वजन फार जड असतं हो.

खालून मेधा कुजबुजली, "अगं ताई, हल ना जरा. दम घुटतोय."

या खेळात नुसतं दाबून वेळ काढणं चालत नाही. वर जागा मिळाली आणि वीस सेकंद काहीच केलं नाही, की पंच हात उचलतात. पहिल्यांदा नुसती नोंद. दुसऱ्यांदा समोरचीला एक ॲडव्हान्टेज, बरोबरी झाली तर तेच कामी येतं. तिसऱ्यांदा समोरचीला सरळ दोन गुण, आणि चौथ्यांदा बाहेर. खाली अडकलेलीला हा दोष लागत नाही. ती बिचारी सुटायलाच धडपडत असते.

पंचांनी एकदा हात उचलला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. फळ्यावर दोन-दोन झाले, वर मेधाचं ॲडव्हान्टेज.

"ओ पंच!" आबासाहेब कडाडले. "खालची निजलीये, आणि वरचीलाच का दोष?"

मागून कुणीतरी म्हणालं, "भिया, काका को बिठाओ!"

यशराज त्यांच्याजवळ धावला. "आबासाहेब, इथं पाठ टेकली म्हणजे कुस्ती संपत नाही. तुम्ही सांगताय, म्हणून ती हलत नाहीये."

म्हातारबाबांनी फळ्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं. मग घोगऱ्या आवाजात ओरडले, "नंदे, सोड! सोड तिला!"

नंदिनी उठली, पाय पलीकडे टाकून छातीवर बसायला गेली. घाईत गुडघा घसरला, मेधा खालून निसटली, आणि वेळ संपली. त्या एका ॲडव्हान्टेजवर मेधा जिंकली.

नंदिनी रडली नाही. कोटाची घडी करून देवश्रीच्या हातात दिली. "तूच ठेव. आमच्याकडे आता काही चालायचं नाही."

मला वाटलं, गेली पोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल रिकामा, आणि आजोबा-नात दारात. कोट आबासाहेबांच्याच काखेत. देवश्रीकडून मागून आणला असणार. त्यांनी जोडे काढले, मला हात लावून कपाळाला लावला, जसा आखाड्याच्या मातीला लावतात तसा. माझ्यासारख्या टेप लावलेलीला! मग गुडघा धरत धरत खाली बसले आणि चक्क उताणे झोपले.

"आबासाहेब! हे काय?"

"ही पाठ मी जन्मात कुणाला टेकवू दिली नाही. आज टेकलीये. कोट घाल, बस वर, आणि दाखव, इथून पुढं काय काय करतात. भोपाळ पुढल्या साली बघू."

"पाय लागेल ना तुम्हाला."

"लागू दे गं."

आता ते रोज सकाळी येतात. माझा फोम बसलाय, रंग उडालाय. नव्या मॅट यायच्यात म्हणे, मला पोर्चमध्ये टाकतील. टाका बापडे, माझं काही म्हणणं नाही. फक्त मधे जी कुणी नवी अंथराल ना, ती जाड बघून अंथरा. आबासाहेबांची कंबर दुखते. ते कुणाला सांगायचे नाहीत.