आईच्या मखमलीची टोपली

कापडाचं गाठोडं माझ्या उंबऱ्यात टाकून बात्मावहिनी घाईघाईनं म्हणाली, "झुरा, पंधरा दिवसांनी व्याही यायचेत. नुरझातच्या रुखवतात स्वयंपाकघरासाठी नान ठेवायची कापडी टोपली हवी. आतून लोकरीचा नमदा घाल, भांड्यासारखी ताठ उभी राहिली पाहिजे. आणि हे बघ, कुणी विचारलं तर मी शिवली म्हणायचं. आईनं शिवलेलं असलं की मुलीचा मान राहतो."

"आणि आत्यानं शिवलेलं असलं की जातो?"

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणत ती गेलीसुद्धा. माझ्या भावाच्या या बायकोला सुईत दोरा ओवता येत नाही, पण अख्ख्या गावात तिच्या हाताचं कौतुक. तो हात माझा असतो. भावाकडे बघून मी वीस वर्षं मूग गिळून बसले होते.

गाठोडं सोडलं. चिटाचे तुकडे, जुन्या पडद्याची पट्टी, थोडं साटीन. सगळ्यात खाली जुन्या रुमालात गुंडाळलेली गर्द लाल मखमल निघाली, सोनेरी वेलींची. दोन हात लांब, कात्रीसुद्धा न लागलेली.

ती माझ्या आईची मखमल होती.

आमच्याकडे पिकलं पान गळलं की मयताला आलेल्या बायकांना कापडाचे वीतभर तुकडे वाटतात. जिर्तिश म्हणतात त्याला. तो तुकडा बाळाच्या अंगरख्यात नाहीतर दुलईत शिवायचा, म्हणजे गेलेल्या माणसाचं आयुष्य बाळाला लागतं. आई, गावाची उलकानआपा, एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली. तिच्या या मखमलीच्या तुकड्यांसाठी तीन गावच्या बायका आल्या होत्या. घरची सून म्हणून दारात उभी राहून बात्माच वाटत होती. मी लेक, म्हणून पाहुण्यांना पुढे घालून शेवटी उभी राहिले. माझ्या पुढे शेजारची सायराकुल, तिला अशक्त नातवासाठी हवा होता. आमची पाळी आली आणि बात्मानं हात झटकले. "संपलं गं बाई. आता काय माझं लुगडं फाडून देऊ?"

माझ्या आईच्या मयतातून मी रिकाम्या हातानं परत आले. आणि ही दोन हात मखमल हिच्या पेटीत! चकाकती दिसली, ठेवून घेतली. आता गाठोडं बांधताना खाली काय आहे हे बघायचंही भान तिला राहिलं नव्हतं.

तशीच उठून तिच्या तोंडावर फेकावी असं वाटलं. पण चार भिंतींत ती रडली असती, भाऊ मधे पडला असता आणि शेवटी मीच भांडखोर ठरले असते. मला बायका हव्या होत्या. ज्यांच्या घरी त्या मखमलीचा वीतभर तुकडा होता, त्या सगळ्या.

टोपली मी जीव ओतून शिवली. चिटाचे त्रिकोण जोडून आतलं अस्तर केलं आणि बाहेरून सगळीकडे मखमल लावली, सलग, वेलीला वेल जुळवून. मधे नमद्याचा थर. गोल बूड चार ठिकाणी टाचून घेतलं, घेराशी पाठटाक्यानं उलट्या बाजूनं जोडलं आणि मग टोपली सुलटी केली. इतकं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. रागात हात स्थिर राहतो, हे मला तेव्हा कळलं.

बुडाचा गोल कापत होते तेव्हाच सायराकुल आली. मी चटकन मखमल मांडीखाली सारली.

"पोराचा खोकला हटत नाही गं," ती म्हणाली. "कुणा म्हाताऱ्या माणसाचा एखादा तुकडा आहे का तुझ्याकडे? कसलाही चालेल."

शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. पण दिला असता तर गावात कळलं असतं, बात्मा सावध झाली असती.

"नाही गं आपा," मी म्हटलं. ती गेली आणि मी परत कात्री उचलली.

व्याही आले त्या दिवशी जेवणासाठी अंथरलेला दस्तरखान तळलेल्या खुसखुशीत बोरसोकांनी भरला होता. चाळीसेक बायका बसल्या होत्या. टोपली मी मुद्दाम ऐनवेळी आणून दिली होती, ती नीट बघायला बात्माला सवडच नव्हती. बात्मानं गरम नानांनी भरलेली टोपली मिरवत आणून विहिणीपुढे ठेवली.

"एकेक टाका माझ्या हातचा," ती म्हणाली. "डोळे गेले, पण म्हटलं लेकीसाठी करायचंच."

विहिणीनं नान उचलला. तेवढ्यात गावातली कालिमा पुढे वाकली. कालिमाच्या तोंडाला कधी झाकण नव्हतं.

"अगं, ही तर उलकानआपाची मखमल! माझ्या नातीच्या दुलईत आहे. मला वीतभर मिळाली, तुझ्याकडे एवढी कुठून आली?"

"आणि आम्हाला संपली म्हणालीस ती?" मागून कुणीतरी ओरडलं.

बात्मानं टोपलीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला. "झुरानं शिवलीय! तिनंच मुद्दाम..."

"आत्ता तर एकेक टाका तुझा होता," कालिमा म्हणाली. बायका हसल्या. विहिणीनं हातातला नान दस्तरखानावर परत ठेवला. नुरझात मान खाली घालून रडायला लागली, तिच्याकडे मी बघितलं नाही. खरं सांगते, इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

सायराकुल मात्र हसली नाही. तिनं मलाच विचारलं, "ही मखमल तुझ्याकडे कधी आली?"

"पंधरा दिवस झाले."

"म्हणजे मी आले होते तेव्हा?"

"माझ्या मांडीखाली होती," मी म्हटलं. खोटं बोलायला सुचलंच नाही.

मी टोपलीतले नान एकेक करून दस्तरखानावर काढले, बात्माच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि सगळ्यांसमोर उसवायला लागले. टाके पक्के होते, माझेच. बोटं सोलली, पण मखमल सुटी केली आणि दोन्ही हातांनी सायराकुलपुढे धरली.

"घे आपा. सगळी घे."

तिनं कापडावरून एकदा हात फिरवला, वेलींवरून, आणि माझे हात हळूच माझ्याकडे ढकलले.

"त्या दिवशी मांडीखालून काढून दिली असतीस ना, तर ती तुझ्या आईची होती," ती म्हणाली. "आता तुझ्या रागाची झालीय. ती मी माझ्या पोराच्या अंगाला लावणार नाही."

ती उठून घरी गेली. एकामागून एक बायकाही उठल्या. कालिमासमोर मी मखमल धरली, तर तिनं मान फिरवली. आईची ती दोन हात मखमल आता सगळी माझी होती, आणि तिचा वीतभर तुकडाही कुणी मागत नव्हतं.