तांबडीच्या गळ्यातलं लोढणं

शेजारच्या दूधवाल्या आक्कांचं काय काय शिंपीणबाईंच्या डोळ्यांत खुपायचं, हे सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. काय खुपत नव्हतं ते विचारा, म्हणजे लवकर आटपेल. आक्कांचं घर कसं भरलेलं! दोन सुना हाताशी, नातवंडांचा कलकलाट, गोठ्यात अकरा गाई. आणि शिंपीणबाईंकडे? निवृत्त पोस्टमन नवरा, त्याचा खोकला, खिडकीपाशी शिलाई मशीन आणि मागे कोबीचे चार वाफे. एकुलती एक लेक लग्न करून लांब गेली, ती पत्रातही घाईत असायची.

बाई तशा देवभोळ्या. सकाळी हात जोडल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायच्या नाहीत. पण डोळे मिटले की देवाच्या आधी आक्कांचा गोठा समोर यायचा. ‘देवा, सगळ्यांचं भलं कर’ असं म्हणताना त्या सगळ्यांत आक्का नसल्या तर चालेल का, हा विचारही मनाला चाटून जायचा. मत्सराला कुठे मज्जाव असतो? तो प्रार्थनेतही मांडी घालून बसतो.

दोन्ही घरांच्या मध्ये तारेचं कुंपण होतं. त्यातला एक खांब कलला आणि तारा ढिल्या पडल्या. एका सकाळी तिथून आक्कांची तांबडी गाय अंग चोरत आत शिरली. शिंपीणबाई एका झग्याला दुमड घालत बसल्या होत्या. खिडकीत एकदम ओलं, काळं नाक आलं. बाई दचकल्या, मग ‘हाड्’ म्हणायला तोंड उघडलं. पण शेजारी सुपात कोबीची वरची पानं पडली होती, त्यातलं एक कसं कोण जाणे त्यांच्या हातात आलं. गाईने ते खाल्लं आणि खरखरीत जिभेने बाईंचं मनगट चाटलं. कितीतरी वर्षांत असं कुणी त्यांना आपलं म्हणून शिवलं नव्हतं.

“अकरांतली एक तरी माझ्याकडे आली,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पायडलवर पाय पडला, मशीन घरघरलं आणि पाचव्या मिनिटाला तांबडी हजर. मग रोजचंच झालं. आक्कांच्या मुलाने तार ओढून बांधली, तर बाईंनी पहाटे नवऱ्याची पक्कड घेऊन ती पुन्हा सैल केली. कोबी सोलताना दोन पानं जास्तच सुटू लागली.

इथवर थांबल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. पण मत्सराचं पोट एवढ्याने भरत नाही. गाय तर हवीच, वर आक्कांची मान खाली गेलेलीही बघायची! बाई पदर खोचून आक्कांच्या दारात गेल्या, तेही नेमकं दूध न्यायला आलेल्या चार बाया उभ्या असताना.

“आक्का, तुमची गाय आवरा हो. माझा कोबी भुईसपाट केलाय.”

“अगं बाई, पुन्हा? कालच तर तार बांधली.”

“तार बांधून काय होतंय? जनावराला वळण नको?”

थोरली सून बादली खाली ठेवत म्हणाली, “बाकीच्या दहा कुठे जात नाहीत, मावशी.”

“तेच म्हणते मी!” शिंपीणबाईंनी आवाजात मध कालवला. “हिलाच इथे काय कमी पडतं, देव जाणे.”

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आक्कांचा चेहरा उतरला. शिंपीणबाई घरी आल्या त्या जणू वाऱ्यावर. पोस्टमन खाटेवरून म्हणाला, “गाय खाते दोन पानं आणि तू ओरडतेस वाफाभर.”

“तुम्ही खोका,” बाई म्हणाल्या.

आक्का सरळ मनाच्या. ऐकलेलं त्यांना झोंबलं. उनाड जनावराला घालतात तसं त्यांनी तांबडीला लोढणं घातलं. म्हणजे काय, तर हातभर लांबीचा जाड ओंडका साखळीने गळ्यात अडकवायचा. तो पुढच्या पायांमध्ये लोंबतो. गाय सावकाश चरली तर काही होत नाही, पण भराभर कुठे निघाली की तो गुडघ्यांवर आपटतो. दोन दिवसांत जनावर शहाणं होतं.

दुसऱ्या सकाळी शिंपीणबाईंनी मशीन सुरू केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गाय नाही. मग कुंपणाकडून आवाज येऊ लागला. ठक्. थोडं थांबून पुन्हा ठक्. तांबडी येत होती. एक पाऊल टाकायची, ओंडका झुलून गुडघ्यावर बसायचा, मान झटकून पुढचं पाऊल टाकायची. खिडकीशी पोचून तिने नेहमीसारखं तोंड आत घातलं.

खोटं कशाला सांगायचं? बाईंना आधी आनंदच झाला. ‘एवढं ओझं घेऊन आली, माझ्यासाठी!’ आणि मग नजर खाली गेली. दोन्ही गुडघ्यांची साल निघाली होती, त्यावर माश्या बसल्या होत्या. बाईंचा पाय पायडलवरून आपोआप सुटला.

त्यांनी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. कपडे शिवायचे पडून राहिले. तरी वेळ झाली की ठक् ठक् यायचंच. तिसऱ्या दिवशी गाय लंगडत आली. आणि त्याच दुपारी धाकटी सून तारेपलीकडून ओरडून गेली, “मावशी, काळजी करू नका, सासूबाई उद्या याहून जड ओंडका घालणार आहेत!”

बाई तशाच उठल्या आणि आक्कांच्या गोठ्यात जाऊन उभ्या राहिल्या. आक्का शेण ओढत होत्या.

“आक्का, काढा ते लोढणं. दोन पानं खाल्ली तर खाल्ली, माझं काही म्हणणं नाही.”

“तुमचं मन मोठं आहे, शिंपीणबाई,” आक्का म्हणाल्या, आणि हे बोलणं बाईंना सुईसारखं टोचलं. “पण मलाही लाज आहे ना? चार जणींत तुम्ही म्हणालात, जनावराला वळण नाही. आता वळण लागेपर्यंत काढत नाही.”

“तिचे गुडघे बघा तरी.”

“बघते ना. मला काय बरं वाटतं? पण चूक तिची आहे.”

गप्प राहिल्या तर उद्या ओंडका दुप्पट. बोलल्या तर या घरात, गावात तोंड दाखवायला जागा नाही. मनातल्या मनात देवाला हाक मारली, पण उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊकच होतं.

“चूक तिची नाही. मीच बोलावते तिला. तारही मीच सोडते.”

दोन्ही सुनांच्या बादल्या जागच्या जागी राहिल्या. आक्कांनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं.

“दूध काढता?”

“नाही हो आक्का! दुधाला बोट लावलं असेल तर हे हात झडोत.”

“मग?”

“नुसतीच… येते. उभी राहते. पानं खाते.”

आक्का हळू आवाजात म्हणाल्या, “दूध काढलं असतंत ना, तर मला समजलं असतं.” आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, “चला. मला दाखवा.”

शिंपीणबाई मशीनवर बसल्या. आक्का बाहेर खिडकीखाली उभ्या राहिल्या, हातात हिरव्या चाऱ्याची पेंढी. “चालवा,” त्या म्हणाल्या.

बाईंनी एका चिंधीवर उगाच शिवण घातली. कुंपणापाशी ठक् वाजलं. तांबडी आली, लंगडत, मान झटकत. आक्कांनी पेंढी पुढे केली. “ये गं, ये माझी बाय.” गाईने पेंढी हुंगली, आक्कांना ओलांडलं आणि तोंड खिडकीत घातलं.

शिंपीणबाईंनी मान वर केली. आक्कांचा चेहरा त्यांना अगदी ओळखीचा वाटला. गेली कित्येक वर्षं तो त्या स्वतःच्या आरशात बघत होत्या.

“हिची आई वितानाच गेली,” आक्का म्हणाल्या. “बाटलीने दूध पाजून वाढवली मी हिला. माझ्या पोरांनाही एवढं जपलं नाही.” त्यांनी साखळीची कडी सोडली. ओंडका धप्पकन जमिनीवर पडला. “उद्यापासून तुमचं मशीन मागच्या खोलीत. आणि कुंपण तुम्ही बांधायचं. स्वतःच्या हातांनी.”

“बांधते,” बाई म्हणाल्या.

मशीन मागे नेताना पोस्टमनने खोकलासुद्धा आवरला. मागच्या खोलीत उजेड कमी. सुईत दोरा ओवायला बाईंना दारापर्यंत यावं लागे. कुंपणाच्या तारा त्यांनी तीन-तीन पदरांनी आवळल्या, बोटं सोलवटली, पण गाठ ढिली ठेवली नाही.

आठवड्याने त्या दोरीवर कपडे वाळत घालायला गेल्या, तर तारेपलीकडे आक्का. तिपाईवर बसलेल्या, मांडीवर कोबीची पानं, कुठून तरी मुद्दाम आणवलेली. तांबडीच्या गुडघ्यांवर खपली धरली होती. आक्का एकेक पान भरवत होत्या, काहीबाही गोड बोलत होत्या. तांबडी खात होती. पण तिचे दोन्ही कान वळले होते ते शिंपीणबाईंच्या घराकडे. आणि आक्कांनाही ते दिसत होतं.

शिंपीणबाईंच्या छातीत काहीतरी गोड, कडकडीत उकळलं. त्यांनी तिथल्या तिथे ओले हात जोडले. “देवा, चुकले. माफ कर मला.”

मग दोरीवरची ओली चादर जराशी बाजूला सारून त्यांनी ते कान आणखी एकदा बघून घेतले.