नैवेद्याची बासुंदी

“नखाने खरवडा आणि सांगा, कसला वास येतो ते,” विनोदिनीने वासाच्या चाचणीचं कार्ड मंगलावहिनींपुढे धरलं. तिचा उजवा हात थरथरत होता, म्हणून कार्डही हलत होतं. लपवणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

“लवंग! हे काय विचारणं झालं?” मंगलावहिनी खूश झाल्या. “अजून दे.”

पार्किन्सन्सचं निदान करताना इंदूरच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, वास कधीपासून येत नाही? हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी अनेकांचं नाक जातं म्हणे, आणि त्यावरून आजार लवकर ओळखता येईल का, याचा आता अभ्यास चालू आहे. तुलनेसाठी धडधाकट माणसंही हवी होती. ओळखीचं कोणी आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिला एकच नाव सुचलं. मंगलावहिनींचे सगळे वास चुकावेत आणि त्यांचं तोंड एवढंसं व्हावं, बस. हा विचार वाईट आहे हे तिला कळत होतं. तरी ती कार्डं घेऊन ई-रिक्षाने फ्रीगंजला मंगलावहिनींच्या घरी आली, तीही हौसेने.

कारण तसंच होतं. मराठी मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य वर्षानुवर्षं विनोदिनी करायची. देवाला दाखवण्याआधी चाखायचं नाही, म्हणून सगळी भिस्त नाकावर. एका वर्षी बासुंदी नासली आणि तिला पत्ताच लागला नाही. भर पंगतीत मंगलावहिनी कडाडल्या, “देवाला नासकं दूध दाखवलंस?” तेव्हापासून मंडळाचं स्वयंपाकघर मंगलावहिनींच्या ताब्यात, आणि विनोदिनी परक्या पाहुणीसारखी पंगतीत.

“हा संत्र्याचा. हा कॉफीचा. हा तर साबण आहे, पागल!” मंगलावहिनींचं एकही चुकेना. विनोदिनीचा नुसता जळफळाट होत होता.

“नाक फार तेज आहे हो तुमचं.”

“बचपनपासून! तुझी ती बासुंदी नव्हती का? किचनच्या दारात पाय ठेवला आणि मी तर समजून गेले, दूध गेलंय म्हणून. नैवेद्याचं ताट अजून वाढायचं होतं, तरी...”

त्या एकदम थांबल्या.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“अगं, पुरानी गोष्ट आहे. सोड ना आता.”

“नाही सोडणार,” विनोदिनी म्हणाली. “यंदाची बासुंदी मी करणार. तुम्ही भगोन्याशी उभं राहायचं आणि वास बरोबर आहे की नाही, ते सगळ्या बायकांसमोर मला सांगायचं. नाहीतर त्या वर्षी तुम्हाला काय कळलं होतं, ते मी सांगेन.”

“धमकी देते आहेस?”

“हो.”

मंगलावहिनींच्या सुनेने चहा आणून ठेवला. विनोदिनीने कपबशी उचलली, तसा हात जोरात हलला आणि अर्धा चहा पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर सांडला. एरवी ती ओशाळली असती, पदराने पुसायला धावली असती. आज ती तशीच बसून राहिली आणि उरलेला चहा तिने सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.