पालथी झारी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. जुनी म्हणजे भंगार नव्हे! पत्र्याची, हिरव्या रंगाची आणि दहा लिटर पाणी एका दमात पोटात घेणारी. माझी मान लांब आहे आणि ती मी अजूनही ताठ ठेवते.

मला घडवणारा कारागीर माझा शेवटचा जोड पक्का करताना म्हणाला होता, "दिसायला ओबडधोबड आहे, पण गळणार नाही." तो शब्द मी आजवर पाळला आहे.

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला विकत घेतले. त्यांच्या घरामागे चार वाफे आहेत. उन्हाळ्यात तिथे वांगी, काकडी आणि टोमॅटो असतात. एकदा माझ्या तोटीत कोळ्याने घर केले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "हा कोण बाई झारीतला शुक्राचार्य?" आणि त्यांनी त्याला काडीवर घेऊन अलगद कुंपणावर सोडले. कापड बेतावे तसे त्या पाणी बेतून घालत. पाणी घालून झाले की मला कुंपणाच्या खिळ्यावर पालथी टांगत. पालथी झारी म्हणजे आजचे पाणी झाले. ही खूण फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती.

टोमॅटोचे बी मावशींच्या थोरल्या बहिणीने दिलेले. बहीण आता नाही. दरवर्षी मावशी त्यातलेच बी वाळवून डबीत ठेवतात. यंदा मात्र उत्साहाच्या भरात त्यांनी सगळी डबी पेरली. बारा रोपे आली आणि नेमके तेव्हाच त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले.

तीन आठवडे लेकीकडे राहायचे होते. एखादा विसरला तर काय, म्हणून मावशींनी तिघा शेजाऱ्यांना सांगितले, पण वेगवेगळे गाठून. "तुमच्यावरच सोपवून जाते हं!" तिघेही फुशारले.

सकाळी भट्टी विझवून पाववाले काका येत. दुपारी शाळा सुटली की बाई येत. संध्याकाळी निवृत्त पोस्टमन आजोबा येत. तिघांची मने सोन्यासारखी, पण खूण कोणालाच माहीत नव्हती. प्रत्येक जण मला नळाखाली सरळ ठेवून जाई.

आठवड्यात टोमॅटोची पाने पिवळी पडली, माना टाकू लागली. तहान लागली असेल, असे वाटून प्रत्येकाने एका झारीच्या दोन झाऱ्या केल्या. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटले. ज्या कामाचा मी तोरा मिरवला, त्याच कामाने रोपे मरत होती आणि मला 'पुरे' म्हणता येत नव्हते.

एका संध्याकाळी काळजीपोटी तिघेही एकाच वेळी नळाशी आले.

"अहो बाई, तुम्ही इकडे कुठे?" आजोबांनी विचारले.

"मावशींनी मला सांगितलंय पाणी घालायला."

"तुम्हाला? मला सांगितलंय!" काका म्हणाले.

"आणि मग मी काय इथे पत्र टाकायला येतो?" आजोबा चिडले.

बाईंनी वाकून मातीत बोट खुपसले. बोट चिखलाने भरून आले. "आपण पाजून पाजून मारलं हो यांना," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी पाणी निघून जायला चर खणला. बाईंनी माती मोकळी केली. आजोबांनी मला उचलले आणि खिळ्यावर पालथी टांगले. "आता मी सांगेपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही."

मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

मावशी काठी टेकत परतल्या, तेव्हा बारापैकी तीनच रोपे उभी होती. तिघेही शेजारी खाली मान घालून उभे राहिले. मावशींनी आधी मला पाहिले, मग रोपांना.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या. "तिघांना सांगितलं, पण एकमेकांचं सांगितलं नाही."

पहिला टोमॅटो पिकला, तेव्हा त्यांनी त्याचे बी वाळवून चार पुड्या बांधल्या. एक स्वतःला आणि तीन शेजाऱ्यांना. थोरल्या बहिणीचे बी आता एका डबीच्या भरवशावर नाही. ते चार घरांत आहे आणि चारही अंगणांत पाणी घालायला मीच जाते.

म्हणून सांगते मित्रांनो, माया भरपूर करा, पण आधी मातीला बोट लावून बघा. आणि मी कुठे पालथी दिसले, तर मला तशीच राहू द्या. माझे आजचे काम झालेले असते.