पायलीभर जोंधळे

“ती पिशवी आधी खाली ठेव, कुंडलिक. आपल्यात कसलं आलंय देणं-घेणं?”

लासुर्ण्याचे आबासाहेब ओट्यावर बसून पानाला चुना लावत होते. कुंडलिक पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून अंगणात उभा. पिशवीत पायलीभर जोंधळे. कुत्रं फुकट आणू नये, धन्याच्या पदरात धान्य घालावं, म्हणजे ते आपलं होतं. नाहीतर भाकरी आपली खातं आणि राहतं जुन्या धन्याचंच. लासुर्ण्यापासून अंथुर्ण्यापर्यंत ही रीत शेंबड्या पोराला ठाऊक होती. आबासाहेबांनाही होती. म्हणूनच त्यांनी पिशवी घेतली नाही. एवढं कळायला कुंडलिकला आठवडा लागला.

“रीत हाय जी. घ्या की.”

“अरं, पाटकऱ्याच्या घरचं जोंधळं खाऊन माझं पोट भरणार हाय व्हय? पोरास्नी भाकरी करून घाल. कुत्रं बघ कुत्रं! निवळ कारवानी हाय. दोन बांधांत ससा गाठतंय.”

कुत्रं होतंच तसं. वर्षाचं, वाळल्या गवताच्या रंगाचं, पाय तुरकाट्यांसारखे, पोट पाठीला गेलेलं. एका जागी म्हणून उभं राहीना. दोरीच्या टोकाला वारा बांधावा तसं.

कुंडलिक पंधरा वर्षं कालव्याच्या फाट्यावर पाटकरी होता, तिथल्याच चौकीत बिऱ्हाड. दुसऱ्याच्या रानाची दारं उघडायची आणि झाकायची. स्वतःच्या नावावर पाय टेकायला रान नाही. पाणी आलं की देवाची कृपा, आणि नाही आलं की पाटकरी चोर. पंधरा वर्षांत त्याला शिव्यांखेरीज कुणी काही दिलं नव्हतं. आज बड्या बागाईतदारानं दारातला शिकारी कुत्रा दिला. माणसाची मान अशाच वेळी वाकते, आणि ती वाकली हे त्याचं त्यालाच कळत नाही.

कुत्रं पाहिजे होतं हे मात्र खरं. मार्गशीर्षात भरदिवसा लांडग्यानं चौकीपुढून शेळीचं करडू उचललं होतं. करडाच्या शेजारी त्याची पाच वर्षांची रंगू बसली होती. लांडग्यानं करडू उचललं आणि रंगू राहिली, यात लांडग्याची मर्जी सोडली तर दुसरं कारण नव्हतं. त्याची बायको फुलाबाई तेव्हापासून खुरपायला जायची ती अर्धी माघारी बघतच. रंगू आणि अडीच वर्षांचा सोपान घरी, आणि पोटासाठी जाणं तर भाग.

कुंडलिक कुत्रं घेऊन आला तेव्हा फुलाबाई चुलीपुढं होती. तिनं आधी कुत्र्याकडं बघितलं नाही, पिशवीकडं बघितलं.

“जोंधळं माघारी कसं आलं?”

“घेतलं न्हाईत त्यांनी. मोठ्या मनाचा माणूस.”

“मोठ्या मनाचा! आवंदा मजुरी देताना कुठं गेलं हुतं मन?”

“तुझं आपलं कायतरी. कुत्रं तर बघ. लांडगा आला तर आर्ध्या कोसापर्यंत मागं लागंल.”

“लांडग्यामागं ह्ये गेल्यावर पोरांपाशी कोन?”

कुंडलिकनं पाणी मागितलं.

“मी धनगराचं आना म्हनत हुते,” ती तांब्या देत म्हणाली. “दिसायला भिकार, पर मेंढरांतनं हलत न्हाय.”

“धनगराचं कुत्रं गावात कुनाकडं बी हाय. कारवानी हाय का कुनाकडं?”

खरं सांगायचं तर निवड तिथंच चुकली. पोरांसाठी कुत्रं आणायला गेलेला माणूस स्वतःसाठी घेऊन आला.

पोरांना मात्र स्वर्ग मिळाला. रंगूनं त्याचं नाव हरण्या ठेवलं. हरण्यानं कधी दात लावला नाही की गुरगुरला नाही. सोपाननं कान ओढले तरी डोळे मिटून घ्यायचा. पण पळणं त्याच्या रक्तात. अंगणातून सुटला की पाटाच्या भरावावर, भरावावरून बाभळीपर्यंत, तिथून परत. सोपानला शेपटीचा नुसता धक्का बसला तरी तो आडवा व्हायचा आणि हसत उठायचा. कुत्रं पळतंय म्हटल्यावर पोरं का बसून राहतील? तीही पळायची. आणि भरावाच्या एका अंगाला पाणी.

चौथ्या दिवशी ससा उठला. फुलाबाई पलीकडच्या रानात कांदा खुरपत होती. तिला भरावावरून जाणारी पिवळी रेघ दिसली, तिच्यामागं रंगूचा तांबडा झगा, त्याच्यामागं उघडाबंब सोपान. मग नुसता झगा दिसला.

तिनं खुरपं कुठं टाकलं, काठ कसा उतरली, तिला सांगता आलं नसतं. पाळीचं पाणी चालू होतं, तिच्या छातीला लागलं. सोपानचे केस हाताला लागले म्हणून सोपान लागला. पालथा घालून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा तो पाणी ओकला आणि रडला. ते रडू ऐकून ती चिखलातच बसली.

कुंडलिक धावत आला. मागून हरण्याही आला, तोंडात ससा, शेपूट हलवत. कुंडलिकनं काठी उगारली. फुलाबाईनं ओल्या हातानं ती धरली.

“त्याला कशापायी? त्यो त्याचं काम करून आलाय. चूक आननाऱ्याची हाय.”

मग हरण्याला बाभळीखाली खुंटीला बांधला. पळणाऱ्या जनावराला बांधलं की ते गोल पळतं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत खुंटीभोवती फिरून फिरून त्यानं अंगणात चाकोरी पाडली. रंगू तिच्या कडेला बसून भाकरीचा तुकडा द्यायची. तो तुकडा घ्यायचा आणि पुन्हा फिरायचा.

गुरुवारी बारामतीचा बाजार करून तात्याबा सायकलवर आला. तात्याबा आबासाहेबांचा मुकादम.

“काय पाटकरी, आमचं कुत्रं बरं हाय का?”

‘आमचं’ ऐकून फुलाबाईनं भांडं आपटलं.

“बरं हाय,” कुंडलिक म्हणाला.

“शनवारची पाळी परयागबाईची न्हवं? म्हातारीचं कांदं दोन दिस थांबत्यात. पयलं पानी आमच्या उसाला सोड.”

“मुकादम, तिची पाळी पंधरवड्यानं आलीया. टोकाचं रान हाय तिचं. आत्ता हुकली तर कांदं जळत्यात.”

“आरं, आबासाहेब एवढं करत्यात तुझ्यासाठी! कुत्रं मागायला बारामतीचं वकील आलं हुतं. दिलं न्हाय त्यास्नी. तुला दिलं.” तात्याबानं पायडलवर पाय ठेवला. “इचार कर. पोरास्नी लळा लागलाय म्हनं.”

सायकल गेली. हरण्या खुंटीभोवती फिरत होता. कुंडलिक त्याच्याकडं बघत राहिला. दोरी नेमकी कुणाच्या गळ्यात आहे, हे त्याला तेव्हा दिसलं.

“आगं, ती पिशवी कुठाय?”

फुलाबाईनं उतरंडीमागून पिशवी काढून दिली. जोंधळ्याचा एक दाणा तिनं दळला नव्हता.

आबासाहेब ओट्यावरच होते. कुंडलिकच्या एका हातात दोरी, दुसऱ्या हातात पिशवी.

“काय रं? पोरं रडली आसतील.”

“रडली जी.”

“मग?”

“जोंधळं घेता का?”

“येकदा न्हाय म्हनलं न्हवं?”

“मग कुत्रं घ्या.”

अंगणातले गडी वैरण टाकायची थांबले. आबासाहेबांनी पानाची पिंक टाकली आणि हसले. असली माणसं रागावतात तेव्हाच हसतात.

“कुंडलिक, पाटकरी आज हितं आसतो, उद्या तितं. ऊस जाग्यावर आसतो.”

“व्हय जी. पाळी बी जाग्यावरच आसती.”

त्यानं दोरी खांबाला बांधली.

दुसऱ्या दिवशी उजाडायला हरण्या चौकीच्या दारात. गळ्यात कुरतडलेली दोरी, अंगभर कुसळं. पोरं त्याच्या गळ्यात पडली. कुंडलिकनं त्याला अर्धी भाकरी घातली आणि कामाच्या आधी कोसभर चालत परत नेऊन सोडला. शनिवारी पुन्हा तेच. रंगूनं त्या दिवशी बापाशी बोलणं टाकलं. त्याच शनिवारी कुंडलिकनं प्रयागबाईचं दार उघडलं आणि शेवटच्या वाफ्यात पाणी शिरेपर्यंत दारावर बसून राहिला. म्हातारी म्हणाली, “आज राखन कशापायी रं?” तो म्हणाला, “सहज.”

तिसऱ्या दिवशी हरण्या आला नाही. आबासाहेबांनी त्याला साखळी घातली होती.

त्यानंतर झुंबर धनगराचा कळप अंथुर्ण्याच्या रिकाम्या रानात बसला. या खेपेला फुलाबाई बरोबर गेली. पालापाशी काळी-करडी चार पिल्लं लोळत होती.

“ह्यात चपळ कंचं?” कुंडलिकच्या तोंडून सवयीनं गेलं.

“चपळ?” झुंबर बसल्या जागेवरून म्हणाला. “चपळ मेंढरं राखत न्हाय, पाव्हनं. दमवतंय. बिनघोर बसनारं बघा.”

फुलाबाईनं सोपानला पिल्लांत सोडला. तिघं त्याच्या अंगावर उड्या मारायला लागली. चौथी काळी कुत्री आली, त्याच्या पायाला टेकून बसली, आणि सोपान उठला तेव्हा उठली.

“हीच,” फुलाबाई म्हणाली.

कुंडलिकनं पिशवी पुढं केली. झुंबरनं घोंगडीचा सोगा पसरला, जोंधळे ओतून घेतले, त्यातले चार दाणे दाताखाली फोडून बघितले. “दगडी वाण हाय. ग्वाड लागंल,” म्हणाला आणि सोग्याला गाठ मारली. कुंडलिक रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिला. कुणीतरी त्याचं घेतलं होतं.

काळी चौकीवर आली. ती पळत नाही म्हणून रंगू चार दिवस रुसली. काळी भरावाच्या कडेला पाण्याच्या अंगानं बसायची, पोरं तिच्या अलीकडं खेळायची. फुलाबाई खुरपताना माघारी बघायची कमी झाली. पंधरा वर्षांच्या नोकरीवर कुंडलिकला कालव्याच्या खात्यात वरची जागा मिळायची होती, ती गोष्ट पुढं कधी निघाली नाही. त्याच्याविरुद्ध साहेबाकडं अर्ज कुणाचा पडला ते कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. पाटकरी होता, पाटकरीच राहिला.

सकाळच्या वाऱ्यावर कधीमधी लासुर्ण्याच्या अंगानं साखळीचं कुत्रं ओरडलेलं ऐकू येई. काळी कान उभे करी. रंगू हातातली भाकरी तशीच धरून उभी राही.

फुलाबाई दर सणाला अंगण सारवायची. बाभळीखालची ती गोल चाकोरी मात्र तेवढी सोडून.